पेंडीतले तेल

घाण्यावर खोबरे घातले की तेल निघते आणि मागे पेंड राहते. घाणा कितीही फिरवला तरी त्या पेंडीत थोडेबहुत तेल उरतेच, हे आमच्या किनारपट्टीवर कोणास सांगावयास नको. पूर्वी ही पेंड सरळ गुरांच्या पुढ्यात जाई. पुढे हेक्झेनसारखा द्रावक वापरणारे कारखाने निघाले. त्यांनी हीच पेंड विकत घेतली आणि घाण्याने मागे ठेवलेले तेल तिच्यातून धुऊन काढून बाजारात आणले. जुना तेली अडाणी होता असे नव्हे. त्याच्याजवळ लाकूड होते, दगड होता, बैल होता; द्रावक नव्हता.

देशाच्या भूगर्भातील खनिज तेलाची गोष्ट याच जातीची आहे. फरक इतकाच, की येथे पेंडीत राहणारे तेल थोडेबहुत नसून बाहेर निघालेल्या तेलाच्या सुमारे दुप्पट असते. जगभरच्या तेलक्षेत्रांची सरासरी पाहिली तर खडकात मुळात असलेल्या तेलापैकी साधारण एकतृतीयांश तेवढे वर येते. बाकीचे, सापडलेले असूनही, मोजलेले असूनही, आपल्या मालकीचे असूनही, खडकातच राहते. हे राहिलेले तेल नॅनोकणांच्या, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, पाण्याने धुऊन काढता येईल अशी आशा गेली वीसएक वर्षे शास्त्रज्ञ बाळगून आहेत. ही आशा कितपत खरी आहे आणि तिच्यासाठी आपल्या देशाने काय करावयास हवे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

वेळ आली आहे असे म्हणण्यास कारण आहे. २०२३-२४ या वर्षात भारतात सुमारे २ कोटी ९४ लाख टन कच्चे तेल निघाले, आणि सुमारे २३ कोटी टन आपण बाहेरून आणले. २०११-१२ साली देशातील उत्पादन ३ कोटी ८० लाख टनांच्या घरात होते. म्हणजे गाड्या वाढल्या, रस्ते वाढले, विमाने वाढली आणि घरचे तेल मात्र आटत गेले. ज्या बॉम्बे हायचा आपण एके काळी एवढा अभिमान बाळगला त्याचीही कथा हीच. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाखाली तेल शोधले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले असता लागलेला तो शोध होता, आणि देशाला त्याने किती धीर दिला हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या स्मरणात असेल. ऐंशीच्या दशकात तेथून दिवसाला ४ लाख पिंपांहून अधिक तेल येत होते. २०२४ साली हा आकडा दीड लाखाच्याही खाली होता.

तेल संपले म्हणून आकडा घसरला असे कोणी समजू नये. भूगर्भात तेलाचे तळे असते आणि त्यात नळी सोडली की ते वर येते अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे तळे कोठेही नसते. पावसाळ्यात आपल्या चिऱ्याची भिंत जशी पाणी पिते तसे खडकाने तेल प्यालेले असते. प्रथम खडकातील दाबानेच काही तेल वर येते. तो दाब ओसरला की बाजूच्या विहिरींतून पाणी सोडून तेल पुढे रेटतात. बॉम्बे हायवर हे काम ऐंशीच्या दशकातच सुरू झाले. परंतु पाणी हे पाणीच. ते मोकळ्या वाटेने धावते, अरुंद वाटा सोडून देते, आणि एकदा का त्याची वाट पडली की विहिरीतून तेलाऐवजी तेच वर येऊ लागते. मागे राहिलेले तेल छिद्रांच्या अरुंद गळ्यांत थेंबाथेंबाने अडकलेले असते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी ज्याची त्रिज्या आहे अशा गळ्यातून तेलाचा थेंब ढकलावयाचा तर हवेच्या दाबाच्या निम्म्याहून अधिक दाब लागतो. आणि वरून सोडलेल्या पाण्याचा जोर त्या थेंबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला तर त्याच्या हजाराव्या भागाइतकाही भरत नाही. अशा थेंबावर शंभर वर्षे पाणी ओतले तरी तो हलणार नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. फणस कापावयास बसलेली गृहिणी आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोळते. मग चीक चिकटत नाही, कारण पाते चिकाचे राहत नाही, तेलाचे होते. भूगर्भात लक्षावधी वर्षे तेलाच्या सहवासात राहिलेल्या खडकाचे, विशेषतः चुनखडकाचे, असेच होते. त्याच्या छिद्रांच्या भिंती तेलाच्या पक्षाला जाऊन मिळतात. पाणी मधून निघून जाते आणि तेल भिंत धरून बसते. बॉम्बे हायचा मुख्य तेलधारक खडक हा चुनखडकच आहे, हे वाचकांनी येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

नॅनोकणांची मात्रा चालते असे म्हणतात ती येथे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, आणि हे कण एक ते शंभर नॅनोमीटरांचे. जेथे थेंब अडकला त्या गळ्यातून ते सहज आरपार जातात. वाळूचेच सिलिका, ॲल्युमिनियमचे वा टायटेनियमचे ऑक्साइड अशा पदार्थांचे हे कण पाण्यात शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी प्रमाणात कालवतात आणि ते पाणी खडकात सोडतात. ते तेथे जाऊन काय करतात? शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील दर्श वासन आणि ॲलेक्स निकोलोव्ह यांनी २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात याचे एक मार्मिक उत्तर दिले. भिंतीला चिकटलेल्या थेंबाच्या कडेशी पाण्याचा जो पाचरीसारखा निमुळता पदर असतो त्यात हे कण शिस्तीने थर लावून उभे राहतात. पाचरीच्या टोकाशी त्यांचा दाब सर्वांत अधिक होतो आणि थेंबाची कड भिंतीपासून उचलली जाते. सुतार लाकडात पाचर ठोकून फळी सोडवतो त्यातलाच हा प्रकार. त्याखेरीज काही कण भिंतीवर बसून तिचा कल तेलाकडून पाण्याकडे वळवतात. काही कण मोकळ्या वाटांच्या तोंडाशी गर्दी करून पाण्याला आडवाटेने जाण्यास भाग पाडतात. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताणही ते थोडा कमी करतात. मात्र त्या कामी साबणाच्या जातीची रसायने त्यांच्याहून कितीतरी सरस आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

प्रयोगशाळांतून या विषयावर निबंधांचा नुसता पाऊस पडत आहे. पाण्याने निघाले त्याहून पाच-दहा टक्के, कोठे वीस टक्के अधिक तेल निघाल्याचे दाखले त्यांत असतात. आपल्याकडेही धनबादच्या आणि मद्रासच्या आयआयटीत या दिशेने काम झालेले आहे. हे निबंध खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते वाचताना प्रयोग कशावर झाला हे पाहण्याची सवय वाचणाऱ्याने लावून घ्यावी. प्रयोगातला खडक असतो बोटभर लांबीचा, आणि तेलक्षेत्रातील एका विहिरीपासून दुसरीचे अंतर असते शेकडो मीटरांचे. बोटभर खडकातून कण पार जातील; शेकडो मीटर जाईपर्यंत त्यांतले किती भिंतींना चिकटून वाटेतच राहतील, हाच तर खरा प्रश्न आहे. शिवाय जगातील अशा प्रयोगांचा आवडता खडक म्हणजे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील बेरिया वालुकाश्म. तो स्वच्छ, एकजिनसी आणि स्वभावतः पाण्याच्या पक्षाचा. आपला बॉम्बे हाय चुनखडकाचा. चुनखडकाच्या पृष्ठभागावर बहुधा धनभार असतो आणि सिलिकाच्या कणांवर ऋणभार. म्हणजे दोघांची गाठ पडताच मिठी पडते आणि कण विहिरीच्या तोंडाशीच अडकण्याचा धोका वाढतो. ओहायोच्या दगडावर निघालेला निष्कर्ष अरबी समुद्राच्या तळाखाली जसाच्या तसा लागू पडेल असे मानणे म्हणजे विलायती चष्म्याने आपले पोट तपासण्यासारखे आहे.

त्यात भर मिठाची. समुद्रावर विहिरीत सोडण्यास समुद्राचेच पाणी हाताशी असते, आणि त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांत हे कण दुधात लिंबू पिळावे तसे गोळा होतात. खोल खडकातील उष्णता त्यांना आणखी बिघडवते. गोळा झालेला कण मग नॅनोकण राहत नाही. तो गाळ होतो, आणि ज्या छिद्रांतून तेल सोडवावयाचे तीच तो बुजवून ठेवतो. कणांवर निरनिराळ्या रसायनांचे लेप चढवून हे टाळण्याची खटपट चालू आहे. लेप चढला की खर्च चढतो. दिवसाला १ लाख पिंपे पाणी सोडणाऱ्या क्षेत्राचा साधा हिशेब करून पाहा. हे पाणी सुमारे १५,९०० टन होते. त्यात दहा हजारांत पाच भाग इतकेच कण घालावयाचे म्हटले तरी रोज ८ टन आणि वर्षाला २,९०० टन कण लागतील. परीक्षानळीत चिमूटभर घालणे निराळे आणि भर समुद्रात बोटींनी हजारो टन नेणे निराळे.

मग हे सारे मृगजळच म्हणावयाचे काय? तसेही नाही. सौदी अरेबियाच्या तेल कंपनीने २०१० साली आपल्या घवार क्षेत्रातील चुनखडकात कार्बनचे नॅनोकण एका विहिरीतून आत सोडले आणि त्याच विहिरीतून त्यांतले बहुतेक परत मिळवले. तेल वाढवणे हा त्या प्रयोगाचा हेतू नव्हता. तेथील उष्णतेत आणि खारेपणात असे कण टिकतात काय एवढेच पाहावयाचे होते, आणि ते टिकले. कोलंबियात राष्ट्रीय तेल कंपनीने मेदेयीन येथील विद्यापीठाच्या साहाय्याने कुपियाग्वा क्षेत्रात ॲल्युमिनाच्या कणांनी विहिरीच्या तोंडाशी साचणारा डांबरी मळ आवरण्याचा, तर कास्तिया आणि चिचिमेने येथे जड तेल मोकळे करण्याचा प्रयोग प्रत्यक्ष विहिरींवर केला. उत्पादन वाढल्याचे त्यांनी प्रसिद्धही केले. हे प्रयोग विहिरीच्या आसपासच्या थोड्या खडकापुरते होते. संपूर्ण क्षेत्र नॅनोकणांनी धुऊन काढले असे म्हणण्याजोगे उदाहरण नाही. परंतु कोलंबियासारख्या देशाने आपले विद्यापीठ आणि आपली तेल कंपनी यांना एका विहिरीच्या तोंडाशी उभे केले, हे आम्हांस त्यांच्या उत्पादनवाढीहूनही महत्त्वाचे वाटते.

आपल्याला हे जमणार नाही असे समजण्याचे कारण नाही. गुजरातेत मेहसाणाजवळ बलोल आणि सांथाल येथील घट्ट तेल वर येईना, तेव्हा तेल आयोगाच्या अभियंत्यांनी नव्वदच्या दशकात खडकाच्या आत हवा सोडून तेलाचाच थोडा भाग पेटवला आणि त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ करून काढले. जमिनीखाली आग लावून ती ताब्यात ठेवणे हे काही सोपे काम नव्हे. राजस्थानातील मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडले, २००९ मध्ये वाहू लागले. तेथे आधी लहान प्रयोग, मग मोठा, अशा क्रमाने पाणी दाट करणारे पॉलिमर सोडण्यात आले आणि आज जगातील मोठ्या पॉलिमर प्रयोगांत त्याची गणना होते. अहमदाबादेस १९७८ पासून तेलधारक खडकांच्या अभ्यासाची संस्था उभी आहे. माणसे आहेत, खडक आहेत, संस्था आहेत. आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन वाढवण्यासाठी आपल्या महामंडळाला बीपी या ब्रिटिश कंपनीस दहा वर्षांसाठी तांत्रिक सल्लागार नेमावे लागले. वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नात तिला वाटा मिळावयाचा आहे. परक्याचे ज्ञान घेण्यास आमचा विरोध नाही. 'सागर सम्राट'ही जपानात बांधलेला होता आणि त्या खडकाचा पहिला सुगावा रशियन सर्वेक्षण नौकेला लागला होता. परंतु पन्नास वर्षे जो खडक आपण हाताळला त्याच्या पेंडीतले तेल काढण्यासाठीही घाणेवाला बाहेरून आणावा लागत असेल, तर मधल्या काळात आपण काय शिकलो, एवढे विचारण्याचा अधिकार या देशाच्या नागरिकाला आहे.

केंद्र सरकारने २०१८ साली या विषयासाठी एक धोरण आणले. प्रत्येक तेलक्षेत्र तपासावे, कोणती पद्धत कोठे लागू पडेल ते ठरवावे, आधी छोटा प्रयोग करावा आणि वाढीव तेलावर कंपनीस करसवलत द्यावी, असा त्याचा आराखडा. मूळ साठ्याच्या पाच टक्के अधिक तेल निघाले तर वीस वर्षांत १२ कोटी टन मिळेल असे मंत्रिमंडळाने तेव्हा सांगितले होते. पाच टक्के म्हणजे १२ कोटी टन! आजच्या हिशेबाने ही देशाची चार वर्षांची संपूर्ण निपज झाली. धोरणाची मुदत दहा वर्षांची, म्हणजे ती २०२८ मध्ये सरते. धोरण वाढवताना सरकारने त्यात दोन गोष्टी घालाव्यात. एक म्हणजे क्षेत्रांच्या तपासणीचे अहवाल आणि प्रयोगांचे निकाल, फसलेल्या प्रयोगांसह, देशातील विद्यापीठांना खुले करावेत. खडकाचा नमुना आणि विहिरीचा खरा आकडा हाती नसलेला संशोधक ओहायोच्या दगडावर प्रयोग करील नाही तर काय करील? दुसरी म्हणजे नॅनोकणांचा पहिला प्रयोग गुजरातेतील जमिनीवरच्या जुन्या विहिरींवर व्हावा. तेथे बोट लागत नाही, फसला तर दुरुस्ती करता येते, आणि वर आलेले पाणी तपासून पुन्हा आत सोडता येते. तेथे चारदोन वर्षे घालवल्यावाचून कोणीही हे कण बॉम्बे हायवर नेऊ नयेत.

हे शेवटचे वाक्य आम्ही किनाऱ्यावरचे म्हणून लिहीत आहोत. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात. मच्छीमारांची जाळी आणि मुलांचे पाय त्यांनी काळे होतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला तेव्हा काही वर्षी तो टँकर धुतलेल्या पाण्यापर्यंत गेला, आणि काही वर्षी बॉम्बे हायच्या तेलापर्यंत. समुद्रात तिकडे जे टाकले जाते ते इकडे येते, हे सांगण्यास आम्हांला निबंधाची गरज उरलेली नाही. तेलाबरोबर वर येणारे पाणी समुद्रात सोडताना लिटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत तेल चालते असा नियम आहे. त्या पाण्यात नॅनोकण किती चालतील याला त्यात स्वतंत्र मर्यादा नाही, कारण नियम झाला तेव्हा असे कण कोणी सोडत नव्हते. सिलिका ही शेवटी वाळूच, तिची फारशी भीती नको असे म्हणता येईल. पण सगळे कण वाळूचे नसतात. झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण समुद्रातील वनस्पतिप्लवकांस बाधतात असे आढळलेले आहे, आणि बांगड्या-तारल्यांचे सारे अन्न शेवटी त्या प्लवकांपासूनच सुरू होते. कणांवरचे लेप तर आणखीच निरनिराळे. गोव्याने हा धडा एकदा गिरवला आहे. खाणीवर टाकाऊ म्हणून ठेवलेले कमी प्रतीच्या खनिजाचे ढीग २००० नंतर चीनच्या मागणीने एकाएकी सोन्याचे झाले. ढिगांचे पैसे झाले, आणि धूळ व गाळ मात्र शेतात आणि नदीत राहिला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा हिशेब करण्याची आठवण झाली.

जगाने तेल सोडण्याची भाषा चालवली असता जुन्या खडकातून तेल पिळण्याची ही उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर थोडक्यात असे, की जोपर्यंत २३ कोटी टन बाहेरून येत आहे तोपर्यंत प्रश्न तेल जाळावे की नाही हा नसून कोणाचे जाळावे हा आहे. आणि आधीच खणलेल्या विहिरीतून मिळणारे तेल नव्या समुद्रतळाला भोके पाडून मिळणाऱ्या तेलाहून बरे.

गोव्यात बेतूल येथे तेल महामंडळाची सुरक्षा व प्रशिक्षणाची संस्था आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशोदेशीच्या तेल कंपन्यांचा ऊर्जा सप्ताह तेथेच भरला होता. दोनापावल्याची समुद्रविज्ञान संस्था तेथून फार दूर नाही. या दोन संस्थांनी एकत्र बसून बॉम्बे हायच्या पाण्यात आज कोणते कण किती आहेत याची नोंद आतापासून घ्यावयास लागावी. पहिले पिंप विहिरीत गेल्यावर ही नोंद कोणालाही घेता येणार नाही.